परातीखालचा डाव

आमच्या घरात इंग्रजी येणारं माणूस म्हणजे मी. हे माझं म्हणणं नाही, घरात तसं ठरून गेलं होतं. मी नववीत होते, सहामाहीला इंग्रजीत वर्गात पहिली आले होते आणि शेजाऱ्यांनी आणलेल्या टेबलफॅनच्या खोक्यावरचा सगळा मजकूर चारचौघांत खणखणीत आवाजात वाचून दाखवला होता. त्यामुळे अमेरिकेतला मामा डिसेंबरात आठ वर्षांच्या मुलीला घेऊन नाशिकला येणार, मामीला सुट्टी नाही, आणि मुलीला मराठी कळतं पण बोलता येत नाही, असं समजलं तेव्हा आई अगदी निर्धास्तपणे म्हणाली, "आपली ही आहे ना."

मी आठवडाभर आरशासमोर तयारी केली. 'हाऊ डू यू डू' हे वाक्य इतकं सफाईनं यायला लागलं की ते म्हणताना मान आपोआप तिरकी व्हायची. प्रत्यक्षात मुंबईहून टॅक्सी आली, मुलगी उतरली, मी मान तिरकी केली, आणि ती मला वळसा घालून सरळ टॅक्सीच्या डिकीकडे गेली. डिकीत तिचा खोका होता. बाकीच्या बॅगा कुणी का उचलेना, खोका तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरून स्वतः आत आणला.

मी मान सरळ केली आणि खोक्याकडे बघितलं. आणि बघतच राहिले.

एवढी चकचकीत वस्तू आमच्या तीन खोल्यांत त्याआधी कधी आली नव्हती. झाकणावर जमिनीखालची वळणावळणाची बिळं, बिळांतून मिणमिणणारे दिवे, आणि मधोमध जिवाच्या आकांतानं पळणारा एक गोल गरगरीत, जांभळट गुलाबी प्राणी. डोक्यावर तीन हिरवे कोंब, पायांत पिवळे बूट, डोळे बशीएवढे. त्याच्या मागे तीन छत्र्या लागलेल्या. छत्र्यांना दात होते.

टॅक्सीवाला पिंपळगाव बसवंतचा निघाला. बॅगा ठेवून पाणी पिता पिता त्यानं झाकणावर नजर टाकली. "ह्यो तर कांदा हाय," तो म्हणाला. मग जरा वाकून, "पण मोड आलाय ताई. मोड आलेल्या कांद्याला मार्केटात कुणी इचारत नाय."

मुलगी इंग्रजीत भडाभडा काहीतरी बोलली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला त्यातला 'प्रिन्स' कळला आणि 'स्टार' कळला.

"हा राजपुत्र आहे," मी जाहीर केलं. "ताऱ्यावरचा."

"असेल," आई म्हणाली. "दिसतो कांदाच."

त्या क्षणापासून तो आमच्या घरी कांदा झाला.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. नाशकात टीव्ही नुकते कुठे घराघरांवर काड्या उभारून दिसू लागले होते. आमच्याकडे नव्हता, शेजारी होता. पण हा कांदा मुळात टीव्हीतलाही नव्हता, हे मामानं रात्री जेवताना सांगितलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

"तिकडे दुकानांतून कपाटाएवढी यंत्रं असतात," मामा म्हणाला. "पुढे काच. नाणं टाकलं की काचेत चित्रं उमटतात. आपल्या हातात एक दांडा. दांडा डावीकडे केला की कांदा डावीकडे पळतो."

"आत तार असणार," बाबा म्हणाले.

"तार नाही, भाऊजी."

"मग त्याला कळतं कसं?"

मामा तिकडे चांगला इंजिनिअर होता. त्यानं थोडा विचार केला. "कळतं," तो म्हणाला.

बाबा सरकारी कचेरीत कारकून. त्यांच्या जगात एका टेबलावरचा कागद शेजारच्या टेबलावर जायला सणवार मध्ये यावे लागत. आणि इथे काचेपलीकडचं चित्र, ना नात्याचं ना गोत्याचं, आपण हात हलवला की ऐकत होतं. ते कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. मीही माझ्या हाताकडे बघितलं. माझ्या हातानं तोवर फक्त उंबऱ्यावरची रांगोळी आणि भूमितीच्या आकृत्या हलल्या होत्या, त्याही नको तेव्हा.

"तो खेळ इतका चालला की त्याची टीव्हीवर गोष्ट केली," मामा म्हणाला. "दर शनिवारी सकाळी. ती चालली म्हणून मग हा पुठ्ठ्याचा पट काढला. घरी बसून खेळायला."

"म्हणजे आधी खेळ," बाबा बोटांवर मोजायला लागले, "मग खेळाची गोष्ट, मग त्या गोष्टीचा पुन्हा खेळ."

"बरोबर."

"आपल्याकडे गोष्टीत खेळ निघाला की वनवास ठरलेला," बाबा म्हणाले आणि घास तोंडात घातला.

मुलगी मात्र जेवत नव्हती. भाताची चार शितं इकडून तिकडे करायची आणि खोक्याला टेकून बसायची. खोका तिनं उघडलाही नव्हता. आईनं साजूक तुपातला शिरा केला, गुळाची पोळी केली, शेवटी माझ्या सल्ल्यानं पावाला लोणी लावून दिलं. "तिकडे हेच खातात," असं मी अधिकारवाणीनं सांगितलं होतं. मुलीनं पाव हुंगला आणि परत ठेवला.

शनिवार आला. ती अंधारात उठली, स्वतःचे केस विंचरले आणि पुढच्या खोलीत येऊन बसली. मामाच्या लक्षात आलं. "अगं, इथे नाही लागत ते," तो म्हणाला. तिचा विश्वास बसेना. शनिवार आहे ना, मग? जगातल्या शनिवारांतच काही दोष असेल ही शक्यता तिच्या मनात कधी आलीच नव्हती. तेव्हा तिची समजूत काढायला संध्याकाळी आम्ही तिला शेजारी घेऊन गेलो, कारण टीव्ही सुरूच संध्याकाळी व्हायचा. पडदा उजळला. शेतीचा कार्यक्रम होता. एक गृहस्थ भल्यामोठ्या ढिगाशेजारी उभं राहून कांदा पावसाळ्यापर्यंत टिकवावा कसा, ते सांगत होते.

मुलगी सरसावून बसली. चित्र काळंपांढरं, पण ढीग कांद्याचाच होता. ती डोळे न मिटता बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन तिनं एक प्रश्न विचारला आणि, मोठ्या अभिमानानं सांगते, तो मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कळला. यातला कुठला पळणार आहे?

"नो," मी म्हणाले. त्या मुक्कामातलं माझं हे एकमेव निर्दोष इंग्रजी.

ती रडली नाही. घरी येऊन मामाच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि घरी जायचं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. बाबा आणि मामा मागच्या अंगणात बंबाशी शेकत उभे होते. आई स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप मारत होती, मी तिच्या शेजारी लसूण सोलत होते. खिडकी उघडी होती.

"भाऊजी, खरं सांगू," मामाचा आवाज आला. "आई गेली, आप्पा गेले. सायखेड्याचं घर चुलत्यांकडे गेलं. आता यायचं म्हटलं तरी यायचं कुणाकडे?"

"कुणाकडे म्हणजे?" बाबा म्हणाले. "आम्ही काय पाणपोई आहोत?"

"तसं नव्हे हो. पण बघताय ना, पोरीला करमत नाही. पुढे तिची शाळा. बहुतेक ही शेवटचीच खेप."

आईचा पंप थांबला. बर्नर भुरभुरला आणि विझला. तिनं तो पुन्हा पेटवला नाही लगेच. खिडकीतून दिसणाऱ्या मामाच्या पाठीकडे ती बघत होती. मामा तिच्याहून चार वर्षांनी धाकटा, तिनं कडेवर वागवलेला. मला वाटलं आता ही बाहेर जाऊन त्याला चार शब्द सुनावणार. ते तिला उत्तम जमायचं, माझ्या बाबतीत तर रोज जमायचं. पण ती एवढंच म्हणाली, "लसूण पुरे."

त्या संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर आईनं पुढच्या खोलीत सतरंजी घातली, पदर खोचला आणि मुलीच्या समोर मांडी घालून बसली.

"चिमणे," ती म्हणाली, "काढ बघू तुझा कांदा."

मुलीनं तिच्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं, आणि झाकण उचललं.

आतून जो वास आला तो मला आजही कुठे नव्या प्लॅस्टिकचं काही उघडलं की शोधावासा वाटतो, आणि सापडत नाही. चार घड्यांचा पट उलगडत गेला, उलगडत गेला, आणि सतरंजीभर झाला. घडीच्या जागी रंग तडकलेला नव्हता. आमच्या घरच्या सापशिडीच्या पटावर घडीमध्ये आलेला साप कधीच दोन तुकडे होऊन मेला होता. इथे प्रत्येक बिळाला वेगळा रंग, प्रत्येक दिव्याभोवती पिवळं वलय, आणि पटाच्या मध्यभागी एक खोलगट घर, उजेडानं भरलेलं. उजेड छापता येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. चार कोपऱ्यांत चार रंगांचे चार कांदे. तीन छत्र्या, आतून पोकळ. आणि शेजारी एक काचेसारखा घुमट, त्यात फासा कोंडलेला. घुमटावर तळहात दाबला की टक् असा आवाज व्हायचा आणि फासा आतल्या आत उडी मारून नवीन दान दाखवायचा.

बाबांनी घुमट दाबला. टक्. त्यांनी हात मागे घेतला आणि आळीपाळीनं आम्हा सगळ्यांकडे बघितलं. "फाशाला हात न लावता," ते पुटपुटले. मग पुन्हा दाबला. नंतर शेजारचे काका आले, त्यांनी दाबला, काकूंनी दाबला, आणि त्यांच्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी घुमटाला आधी नमस्कार केला, मग दाबला. कुणी हसलं नाही. टक् झालं की प्रत्येक वेळी सगळे घुमटावर वाकायचे.

नियमांचं पत्रक अर्थातच माझ्या हाती देण्यात आलं. मी घसा साफ केला. पहिल्या ओळीतला 'दि' मला नीट कळला. त्यापुढचं मी मनातल्या मनात वाचते आहे असं दाखवत बराच वेळ मान डोलावली. शेवटी मुलीनंच ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि नियम सांगितले, मामानं बाजेवर पडल्या पडल्या ते मराठीत केले. सोपं होतं. प्रत्येकाला एक कांदा. दान पडेल तितकी घरं बिळातून पुढे जायचं. फाशाच्या एका बाजूला आकड्याऐवजी छत्री आहे. ती पडली की एक छत्री उचलायची आणि वाटेल त्याच्या कांद्यावर झाकायची. झाकलेला कांदा परत आपल्या कोपऱ्यात. मधल्या उजेडाच्या घरात जो पहिला जाईल तो जिंकला.

मी, बाबा, आई आणि मुलगी असे चौघे बसलो. बाबांना छत्री फार आवडली. ती पडली की ते "पावसाळी हवा आहे बुवा आज," असं म्हणत कुणावर तरी झाकायचे, आणि त्यांना दिसायची नेमकी मीच. माझा कांदा कोपऱ्यातून निघायचा आणि छत्रीत बसून परत यायचा. त्या खेळात माझ्याइतका प्रवास कुणी केला नसेल.

पुढे झालं असं की आईला तीन पडले आणि तिचा कांदा मुलीच्या कांद्याच्याच घरात येऊन उभा राहिला. आईनं दोन्ही कांदे शेजारी शेजारी नीट सरळ केले.

"जुग झालं," ती म्हणाली.

मुलीला कळेना. आईनं समजावलं. दोन सोंगट्या एका घरात आल्या की जुग. आता त्या बरोबर चालणार. तुझ्या दानालाही दोघी, माझ्या दानालाही दोघी.

हा सारीपाटाचा नियम, आई माहेरी सायखेड्याच्या ओट्यावर शिकलेला. अमेरिकेतल्या पटाला तो कसा लागू होईल हा प्रश्न आमच्यातल्या कुणालाच पडला नाही. पट मांडला, सोंगट्या आहेत, दान पडतं, म्हणजे जुग असणारच. नाहीतर खेळायचं काय? मुलीला मात्र पडला. तिनं पत्रक पुढे केलं, त्यावर बोट आपटलं, आणि मामाकडे वळून तावातावानं बोलली.

"ती म्हणते असं नसतं," मामा म्हणाला. "तो एकटाच असतो म्हणे. टीव्हीवरही एकटाच. त्याचा ताराच हरवलाय, त्यामुळे त्याच्यासोबत कुणी नसतंच."

"का म्हणून?" आई म्हणाली.

"तशी गोष्टच आहे, अक्का."

"असेल तिकडे. ह्या घरात अंधारात पोराला एकटं सोडत नाहीत."

बाबांनी घुमट दाबला. छत्री. मुलीचे डोळे चमकले. तिनं बाबांना खूण केली, झाका, दोघांनाही झाका. बाबांनी छत्री उचलली आणि दोन कांद्यांवर टेकवली. छत्री बसेना. त्यांनी ती फिरवून बघितली, तिरकी करून बघितली. मग मुलीनं ती त्यांच्या हातून घेतली आणि स्वतः दाबून बघितली. छत्रीचा पोकळ घेर एका कांद्यापुरता केलेला होता. दोन कांदे शेजारी उभे असले की छत्री त्यांच्या डोक्यांवर नुसती डगमगत राहायची, खाली उतरायची नाही.

मुलगी छत्री हातात धरून स्तब्ध झाली. तिच्या तोंडाचा तो छोटासा उघडा चंबू मला अजून दिसतो. हा खेळ तिनं तिकडे शंभरदा खेळला असेल. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा कारखान्यात कुणी साच्यात छत्री ओतली, कुणी कांदा ओतला, आणि सायखेड्याच्या ओट्यावरचा नियम त्यांत आपोआप उतरला होता. बाबा हळूच म्हणाले, "शास्त्र आहे यात."

बाजेवरून, वर्तमानपत्राच्या आडून, मामाचा आवाज आला.

"जुग फुटल्याशिवाय सोंगटी मरत नाही."

आईनं मान वर केली. सायखेड्याला आप्पा आणि त्यांचे एक मित्र एका बाजूला, आणि आई आणि मामा दुसऱ्या बाजूला, असा सारीपाट रोज चालायचा, हे तिनं मला पुष्कळदा सांगितलं होतं. तिनं विचारलं, "आठवतं तुला?"

"तू मला घरात जाऊ द्यायची नाहीस," मामा म्हणाला. वर्तमानपत्र तसंच होतं.

"तुझं घर आलं की तू जोडीदाराला टाकून पळायचास."

"लहान होतो अक्का."

"जेवायला हाक आली की पट मोडायचास, तेही लहान म्हणूनच. मग आप्पांनी परात झाकायला लावली. अर्धा डाव मोडायचा नाही, परात झाकून जेवायला या."

मामानं वर्तमानपत्र खाली केलं आणि बाजेवरून उतरून बाबांच्या मागे येऊन बसला.

त्यानंतर रोज संध्याकाळी पट पडायला लागला. मुलगी आईसमोर बसायची, जेवायचीही तिथंच, एका हातानं. भाकरी कशात बुडवून आपण खातोय याकडे तिचं लक्ष नसायचं आणि आई तेवढ्यात दुसरी वाढून मोकळी व्हायची. आई आणि ती एक जुग, बाबा आणि मी दुसरं. आमचं जुग टिकायचं नाही. बाबांना घाई फार. मोठं दान पडलं की मला सोडून पुढे, आणि पुढच्या वळणावर छत्रीत. "पाहुणे, तुम्ही येता का माझ्याऐवजी?" असं ते मामाला विचारायचे आणि मामा आला की दानागणिक त्याला सूचना करायचे. मुलीच्या तोंडी 'जुग' शब्द बसला. हिंडताना ती माझा हात धरून म्हणायची, जुग, आणि रस्ता ओलांडायची. माझ्या इंग्रजीची गरज आता कुणालाच उरली नव्हती, मला सोडून.

फक्त मामा पुढचं काही बोलत नव्हता. पुन्हा कधी, हे आईनं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. बॅगा भरायला लागल्या. आईनं चिवडा भरला, मसाल्याच्या पुड्या बांधल्या, सगळं घट्ट शिवल्यासारखं बांधलं, जणू ते बरीच वर्षं पुरवायचं होतं.

निघायच्या सकाळी तोच पिंपळगावचा टॅक्सीवाला यायचा होता. आदल्या संध्याकाळचा डाव राहिला होता. मुलगी उठल्या उठल्या पटाशी जाऊन बसली, आई कपाळाचं कुंकू नीट करत येऊन बसली. मी आणि बाबा आपापल्या कोपऱ्यांत होतोच, नेहमीप्रमाणे पहिल्यापासून सुरुवात करत. त्या दोघींचं जुग मात्र उजेडाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर उभं होतं.

मुलीनं घुमट दाबला. टक्. चार. बरोबर चार घरं हवी होती.

तिनं हात पुढे केला आणि थांबली. मधल्या घराचा खळगा एकाच कांद्यापुरता होता. आत जायचं तर जुग फोडावं लागणार, आणि आईचा कांदा बिळाच्या तोंडाशी एकटा राहणार. तिनं आईकडे बघितलं.

"जा की," आई म्हणाली. "तू जिंकलीस."

मुलीनं नकारार्थी मान हलवली. इंग्रजीत काही विचारलं. मामा हातात बॅग घेऊन दारात उभा होता, त्यानं सांगितलं, "ती विचारतेय, आत नाही गेलं तर काय होतं?"

"तर दुसरी फेरी," आई म्हणाली. "घर समोर असलं तरी जोडीदारासाठी पुन्हा एक फेरा घेता येतो. घेतात लोक."

मुलीनं दोन्ही कांदे चिमटीत धरले, उजेडाच्या घराच्या दारावरून नेले आणि बाहेरच्या बिळात चार घरं पुढे ठेवले. पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या आयुष्यात मी कधी एवढं जवळ आलेलं घर सोडलेलं नाही. बाबांनी तर चष्मा काढून पुसला.

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. मामानं बॅग खाली ठेवली आणि सवयीनं वाकून पटाच्या घडीला हात घातला. खोका शेजारीच उघडा पडला होता.

"नको," मुलगी म्हणाली. मराठीत.

मामाचा हात तसाच राहिला. टॅक्सीवाला दारात येऊन "साहेब, घाटात ट्रका लागतील," असं म्हणाला, आणि आतला थाट बघून तोही चौकटीला टेकला. आई पटाकडेच बघत होती. मला वाटलं, आता एक शब्द बोल ना, ये म्हण. ती बोलली नाही.

मामानं घडीवरचा हात काढला आणि पँटीला पुसला.

"अक्का," तो म्हणाला, "परात आण."

आई उठली ती इतक्या सावकाश की जणू पायाखाली पट होता. आतून मोठी पितळी परात आणली, दोघांनी दोन बाजूंनी धरून ती पटावर झाकली. पटाचे चार कोपरे बाहेर राहिले, त्यांतच माझा आणि बाबांचा कांदा. मुलीनं परातीवर एकदा हात ठेवला, आणि मग तिनं आईच्या, बाबांच्या आणि चुकून टॅक्सीवाल्याच्याही पाया पडून घेतलं.

मामा दारातून म्हणाला, "येतो अक्का."

हे सगळेच म्हणतात. पण त्या दिवशी आईनं त्याला उत्तर दिलं. "ये," ती म्हणाली. "डाव मांडलेला आहे."

त्यानंतरचे आमचे हाल कुणी विचारू नयेत. घरात मोठी परात ती एकच. आम्ही चौघांनी सांभाळून पट घुमटासकट मधल्या खोलीतल्या पत्र्याच्या कोठीवर नेऊन ठेवला, शेजारचे काका चौथे, कारण एवढ्या नाजूक कामाला आम्ही तिघं पुरे पडणार नाही असं बाबांचं मत होतं. एकही कांदा हलला नाही. आई ताटलीत कणीक मळायला लागली. पाहुणे आले की मी शेजारी परात मागायला जायची. "तुमची कुठं गेली?" काकू विचारायच्या, रोज माहीत असून.

"नवी घेऊ या," बाबा म्हणाले.

"आहे की आपली," आई म्हणाली.

"आहे, पण ती ड्युटीवर आहे."

दिवाळीच्या साफसफाईत घरातलं सगळं अंगणात यायचं. कोठी यायची नाही. आई परातीची पाठ ओल्या फडक्यानं पुसायची, चिंचेनं घासायची, झाकल्या जागी. उचलून आत बघायचं नाही, असं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पण कुणीच बघितलं नाही.

दोन हिवाळे मध्ये गेले आणि तिसऱ्या डिसेंबरात टॅक्सी दारात उभी राहिली. मुलगी वीतभर उंच झाली होती, केस कापलेले, बोलण्यात मराठीची चार वाक्यं, त्यांतली दोन दुरुस्त करण्यासारखी. मी केली नाहीत. माझी इंग्रजीची मिजास एव्हाना कॉलेजनं उतरवली होती.

"तुझा कांदा काय म्हणतो?" बाबांनी विचारलं. "शनिवारचा?"

"ते बंद झालं," ती म्हणाली. "केव्हाच."

म्हणजे ज्या गोष्टीवरून हा खेळ निघाला ती गोष्ट तिकडे संपली होती. मुलं ती विसरलीही होती. आणि इकडे नाशकात, आमच्या कोठीवर, परातीखाली, कांदा दुसऱ्या फेरीवर निघालेला होता.

ती मधल्या खोलीत गेली. परात उचलायला तिला मामा लागला. दोघांनी ती उचलली आणि आम्ही सगळे वाकलो.

पटाचे बाहेर राहिलेले कोपरे उन्हानं आणि धुरानं मातकट झाले होते. पण परातीच्या आत जो गोल होता, तो पहिल्या दिवसासारखा. ते दिवे, ती वलयं, मधलं उजेडाचं घर. मातकट चौकोनात तो गोल असा दिसत होता की वरून कुणी उजेडाची थाळी उपडी ठेवली आहे. आणि त्या गोलाच्या काठाशी दोन कांदे, शेजारी शेजारी, त्या सकाळी ठेवले होते तसे. बाबांनी हात जोडले आणि मग कुणी बघितलं का, म्हणून आजूबाजूला पाहिलं.

"दान कुणाचं होतं?" मुलीनं विचारलं.

बाबा म्हणाले त्यांचं. मी म्हणाले माझं.

"आत्याचं," मामा म्हणाला.

आईनं घुमटावर हात ठेवला. तीन वर्षांत त्यातली स्प्रिंग गंजली असेल असं मला वाटलं. तिनं दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा जरा जोर दिला, आणि टक्.

परात त्या संध्याकाळी मोकळी झाली. आईनं ती राख लावून घासली आणि किती तरी दिवसांनी ऐसपैस कणीक मळली. मामा पुन्हा निघाला त्या सकाळीही डाव संपला नव्हता. बॅगा टॅक्सीत गेल्या, हॉर्न वाजला, आई दारात ओवाळणीचं तबक घेऊन उभी राहिली, आणि मामा कुठे दिसेना. मी आत बघते तर तो स्वयंपाकघरात चवड्यांवर उभा राहून फळीवरची परात काढत होता.